अपोलोचं जुनं चित्रण घरच्या टीव्हीवर नीट कसं पाहावं

जुनं चित्रण आहे, खराब दिसणारच, असं म्हणून आपण सोडून देतो. मला ते पटत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि दर जुलैला मुलांना अपोलो ११ ची मोहीम दाखवते. पडद्यावरचा कुठला दोष १९६९ चा आणि कुठला आपल्या टीव्हीचा, एवढं कळलं की निम्मं काम झालंच.

तेव्हा आधी कॅमेरा ओळखा. चंद्रावरून थेट आलेली कृष्णधवल दृश्यं सेकंदाला जेमतेम १० फ्रेम आणि फ्रेममागे ३२० आडव्या ओळींची होती. ती घरोघरच्या टीव्हीवर दिसावीत म्हणून पृथ्वीवरच्या केंद्रांत मॉनिटरसमोर दुसरा कॅमेरा लावून ५२५ ओळींत बदलली गेली. बराच तपशील तिथेच गेला. मूळ संकेतांच्या टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने नंतर काढला. २००९ मध्ये प्रक्षेपणाच्या उत्तमातल्या उत्तम प्रती जमवून चित्र सुधारलं गेलं. शोधायची तर ती आवृत्ती शोधा. त्यापलीकडे टीव्हीचं कुठलंही बटण काही करू शकत नाही.

चंद्रावर उतरलेल्या ‘ईगल’ यानाच्या खिडकीतला १६ मिमी कॅमेरा वेगळा. रंगीत फिल्म, पण सेकंदाला १, ६, १२ किंवा २४ फ्रेम अशा वेगांवर चालणारा. फिल्म वाचवायला वेग कमी ठेवला की हालचाल धक्क्याधक्क्याने दिसते. ते तसंच असायला हवं. पुढच्या मोहिमांत चंद्रावर रंगीत टीव्ही कॅमेरा गेला. त्यात फिरत्या चकतीतून लाल, हिरवा, निळा असे रंग आळीपाळीने टिपले जात. अंतराळवीर झपकन वळला की कडांना रंगीत झालर येते, ती यामुळे. रंगाच्या सेटिंगला हात लावू नका.

उड्डाणाची मोठ्या फिल्मवरची दृश्यं मात्र लखलखीत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडलेली ७० मिमीची रिळं ‘अपोलो ११’ या २०१९ च्या माहितीपटात वापरली आहेत. ती जर धूसर दिसली, तर दोष नक्की आपल्याकडचा.

आता टीव्ही. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीवर ती मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन या नावाने असते. अपोलोचं रॉकेट सॅटर्न ५ उठतानाचं स्लो मोशन लावून बघा. अतिथंड द्रव ऑक्सिजनमुळे टाकीवर साचलेला बर्फ तुकड्यातुकड्यांनी कोसळतो. ही सोय चालू असेल तर त्या तुकड्यांच्या कडा पाघळतात.

नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातली खरखर काढणारी सोय, हीही बंदच. माझा याबाबत फार आग्रह आहे. उतरण्याच्या शेवटच्या क्षणांत इंजिनाच्या झोताने चंद्राची धूळ जमिनीलगत सरसर पळते. त्या पुसट रेघा म्हणजे अख्ख्या चित्रणातला सर्वांत मोलाचा भाग, आणि टीव्ही त्यांनाच खरखर समजून पुसून टाकतो. जमीन मेणासारखी गुळगुळीत दिसू लागली की समजायचं, ही सोय चालू राहिली आहे. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्याजवळ आणावा. सोनीवर मधला ५० ठीक.

चंद्रावरच्या टीव्ही आणि १६ मिमी चित्रणाची चौकट ४:३ ची, म्हणजे आजच्या टीव्हीपेक्षा अरुंद आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. चित्र ताणलं तर पृथ्वी लंबगोल होते, आणि झूम केलं तर वरचं-खालचं कापलं जातं.

उगम कुठला, हेही बघा. फिल्मचा दाणा, धूर, ज्वाळा यांना भरपूर डेटा लागतो. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते. स्ट्रीमिंगला त्याहून खूपच कमी, म्हणून ज्वाळांत चौकोन दिसतात. डिस्क मिळत असेल तर तीच घ्या. नाहीतर नासाच्या संकेतस्थळावरून सर्वांत मोठी फाइल आदल्या रात्री उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा.

‘फोर-के, ६० फ्रेम’ असं लिहिलेले, एआयने चकचकीत केलेले व्हिडिओ मुलांना दाखवू नका. त्यातल्या मधल्या फ्रेम कुठल्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या नसतात, आणि दगडांवरचा पोतही यंत्राने अंदाजाने भरलेला असतो.