दूध न सोडता पोटफुगी कशी थांबवली

चाळिशीनंतर सकाळी उपाशीपोटी गाईच्या दुधाचा मोठा पेला घेतला, की तासाभरात पोट गुडगुडू लागायचे. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पेल्यामागून पेले रिचवणाऱ्यांच्या कोल्हापुरात ही तक्रार सांगणेही जडच जाते. डॉक्टरांनी दूध काही दिवस पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करायला सांगितले, तेव्हा कारण स्पष्ट झाले. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर अनेकांमध्ये बालपणानंतर कमी होत जाते, आणि न पचलेली साखर मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवू लागले की वायू धरतो. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असते, म्हशीच्या दुधातही जवळपास तेवढेच. त्यामुळे दूध बदलून उपयोग नव्हता. आता अर्धा कप दूध घेतो, तेही न्याहारीसोबतच. बाकी भिस्त घरी विरजलेल्या, किंचित आंबटसर दह्यावर आहे, कारण विरजणातील जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच आंबवलेले असते. कॅल्शियमला नाचणीच्या आंबिलीची जोड आहेच. धारोष्ण दूध मात्र, कट्ट्यावरच्या मंडळींचा रोष पत्करूनही, मी टाळतो. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात.