विमान आधी बोटांवर तोला, मग हवेत सोडा

इलेक्ट्रिक आरसी (रेडिओ कंट्रोलने उडवायचं) विमान जोडून झालं की मोटर फिरवून बघायची घाई होते. त्याआधी प्रॉपेलर काढून ठेवा आणि समतोल तपासा, तोही बॅटरी आत बसवूनच. बॅटरीशिवाय केलेली तपासणी फुकट जाते, कारण विमानातली सगळ्यात जड वस्तू बहुधा तीच असते.

पंखाची रुंदी पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत मोजा. सरळ, आयताकृती पंखाच्या ट्रेनर (शिकाऊंसाठीच्या) विमानात समतोलाचा बिंदू साधारण २५ ते ३० टक्क्यांवर येतो, म्हणजे २० सेंटिमीटर रुंदीला पुढून ५ ते ६ सेंटिमीटर. किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. तिथे दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल. शेपूट खाली गेली तर मात्र उडवूच नका. नाकजड विमान आळशी उडतं, पण शेपूटजड विमान हातात राहत नाही. अशा वेळी नाकात वजनासाठी शिसं चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून बघा. जागा सापडली की वेल्क्रोशेजारी मार्करने रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी मोजमाप वाचतं.

मुंबईत पहिलं उड्डाण सकाळीच करावं. दुपारी समुद्रावरून येणारा वारा हलक्या फोमच्या विमानाला रेटत नेतो. आणि सांताक्रूझ-जुहूच्या विमानतळांमुळे शहराचा मोठा भाग प्रतिबंधित आहे, तेव्हा घरातून निघण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा उघडून मैदान प्रतिबंधित भागाच्या रंगात तर येत नाही ना, ते बघा.