ग्रीक शब्द उघडण्याआधी मराठी पान वाचा

यंदा सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या शाळेत, जाणाऱ्या किंवा मंडळीत पहिल्यांदाच संदेश द्यायला उभं राहणाऱ्या भावाबहिणींसाठी हे लिहितोय. प्रार्थना करा, वचन रोज वाचा, हे तुम्हाला संडे स्कूलपासून माहीत आहे. मी ज्या खड्ड्यात पडलो तेवढा एक दाखवतो, कारण अजूनही तरुण मुलं त्यात पडताना पाहतो आणि जीव तुटतो.

माझं पहिलं वर्ष. नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला, म्हणून आम्हाला ती भाषा शिकवतात; तिची अक्षरं नुकती जुळायला लागली होती. सुट्टीत गावी गेलो, तर पाळकसाहेबांनी रविवारचा संदेश माझ्यावर सोपवला. मी योहान 21 घेतला. पुनरुत्थित प्रभू येशू समुद्रकाठी आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे का. मोबाइलच्या ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की मूळ ग्रीक दिसतं. प्रभू पहिल्या दोन वेळा ‘अगापाओ’ हे क्रियापद वापरतो, पेत्र तिन्ही वेळा ‘फिलेओ’नं उत्तर देतो, आणि तिसऱ्या वेळी प्रभूही ‘फिलेओ’च म्हणतो. मला वाटलं, खजिना सापडला! अगापे (अगापाओचंच नाम) म्हणजे देवाची निःस्वार्थ प्रीती, फिलेओ म्हणजे माणसाचं साधं प्रेम, आणि पेत्र खालच्या पायरीवर. चाळीस मिनिटं हेच सांगितलं.

उपासनेनंतर एक मावशी दाराशी थांबल्या. नवरा गेल्यावर शेतमजुरी करून मुलं वाढवलेली बाई. म्हणाल्या, “बाळा, मी जन्मभर प्रभूवर प्रेम केलं ते पेत्रासारखंच. मग ते कमीच पडलं म्हणायचं?” मला उत्तर देता आलं नाही.

परत गेल्यावर सरांनी एकही टीकाग्रंथ न उघडता मला योहानाचं शुभवर्तमान सुरुवातीपासून वाचायला बसवलं. पिता पुत्रावर प्रीती करतो, असं 3:35 मध्ये आहे, तिथं अगापाओ. तेच 5:20 मध्ये आहे, तिथं फिलेओ. आता पित्याचं पुत्रावरचं प्रेम दोन अध्यायांत खालच्या पायरीवर उतरलं का? येशूचा आवडता शिष्य 13:23 मध्ये एका शब्दानं येतो, 20:2 मध्ये दुसऱ्या. माणसांनी अंधाराची आवड धरली (3:19), तिथंही अगापाओच. पौलाला सोडून गेलेल्या देमासाला जगाची ओढ लागली (2 तीमथ्य 4:10), तिथंही तेच. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर दावीद राजाचा मुलगा अम्नोन याच्या सावत्र बहिणीवरच्या, तामारेवरच्या, वासनेलाही (2 शमुवेल 13) हेच क्रियापद आहे. शब्द आपल्या पोटात सिद्धांत घेऊन फिरत नाही. अर्थ वाक्यात असतो, प्रसंगात असतो. काही मोठे अभ्यासक इथं फरक मानतात, पण ते पुरावा मांडून मानतात. मी बोट ठेवून मानला होता.

मला जास्त लागलं ते पुढचं. योहान 18:18 मध्ये पेत्र प्रभूला नाकारतो तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा असतो. 21:9 मध्ये किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. तीन नकार, तीन प्रश्न. ग्रीकमध्ये विस्तवासाठीचा हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो, पण हा विस्तव दिसायला ग्रीक यावंच लागत नाही. आमच्या घरच्या पवित्र शास्त्रात तो समोर होता, आणि मी ॲपमध्ये नाक खुपसून बसलो होतो.

म्हणून इंटरनेटवरच्या आयत्या संदेशांपासून लांब राहा. स्पष्टच सांगतो, ते चोरी तर आहेतच, शिवाय तुमचं वाचन मारतात. ‘मुळात ग्रीकमध्ये असं आहे’ हे वाक्य पुलपिटवरून पहिली तीन वर्षं तरी उच्चारू नका. मार्गदर्शक निवडायचा तर मुद्दे लिहून देणारा नको, उतारा मोठ्यानं दहा वेळा वाचायला लावणारा शोधा.

याचा अर्थ ग्रीक सोडा असा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात निराधार बायकांसाठीच्या मुक्तीसदनाचा एवढा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, आणि त्यातून काय केलं? साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणलं. 1922 मध्ये त्या वारल्या, भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. मूळ भाषा शिकायची ती यासाठी.

पहिल्या सत्रात क्रियापदांची रूपं डोक्यात राहणार नाहीत. माझीही राहिली नव्हती, दोनदा पेपर दिला. रडू येईल, घरी फोन करून परत येतो म्हणावंसं वाटेल. थांबा. दिवाळीनंतर अक्षरं ओळखीची वाटायला लागतात, खरंच लागतात.

नाताळात मी मावशींच्या घरी गेलो. त्यांच्याच शास्त्रातून 5:20 वाचून दाखवलं आणि सांगितलं, पेत्रानं प्रभूला उत्तर दिलं तोच शब्द इथं पित्याच्या पुत्रावरच्या प्रेमाला आहे. त्या बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे त्या रविवारी का नाही सांगितलंस?”