जुना फ्लॅट विकायचाय? एजंट ठरवण्याआधी हे तपासा

पुणे, ठाणे किंवा मुंबईत फ्लॅट विकायला काढला की आठवडाभरात चार-पाच एजंट दारात येतात, आणि प्रत्येक जण वेगळा भाव सांगतो. बहुतेक विक्रेते सर्वांत जास्त भाव सांगणाऱ्याला काम देतात. सगळा घोळ इथेच सुरू होतो. जास्त भाव सांगायला एजंटला काही लागत नाही. काम हातात आलं की महिना-दीड महिन्याने तोच म्हणतो, "साहेब, मार्केट थंड आहे, थोडं खाली या." तोवर तुमचा फ्लॅट पोर्टलवर शिळा झालेला असतो आणि इतक्या दिवसांत तो का गेला नाही, असं प्रत्येक पार्टी विचारायला लागते.

म्हणून एजंटला भेटण्याआधी भाव स्वतः काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या आयजीआर महाराष्ट्र या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर (शहरी जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) टाकला की त्या जागेवर नोंदलेले दस्त दिसतात. हा नंबर तुमच्या स्वतःच्या करारनाम्यात सापडेल. प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजेच इंडेक्स टू, उघडून पाहा. दुसऱ्या ओळीत ‘मोबदला’ आणि तिसऱ्या ओळीत ‘बाजारभाव’ असतो. इथे बरेच जण फसतात. ‘बाजारभाव’ म्हणजे सरकारी दर तक्त्यातून, म्हणजे रेडी रेकनरमधून, आलेलं मूल्य. करारात ठरलेली किंमत ‘मोबदला’ या ओळीत असते आणि आपल्याला तीच हवी. चौथ्या-पाचव्या ओळीत फ्लॅटचा तपशील आणि क्षेत्रफळ मिळतं. ते चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणून चौरस फूट काढा. तुमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांतले गेल्या वर्षभरातले चार-पाच व्यवहार मिळाले की भावाचा अंदाज बांधता येतो.

भाव सांगताना एजंट कोणत्या क्षेत्रफळावर बोलतोय, हे लगेच विचारा. समजा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ६४० चौरस फूट आहे आणि जुन्या पद्धतीने सेलेबल, म्हणजे भिंती, जिना, लॉबी वगैरेंचा वाटा धरून, ८८० धरतात. "नऊ हजारचा रेट" सेलेबलवर असेल तर किंमत ७९ लाख २० हजार होते, म्हणजे कार्पेटवर १२,३७५ चा दर पडला. एकाने सेलेबलचा आणि दुसऱ्याने कार्पेटचा दर सांगितला, तर आकड्यांची तुलनाच चुकते. सगळ्यांकडून एकूण रक्कम आणि कार्पेटचा दर, असे दोन्ही आकडे घ्या.

आता एजंटची पारख. त्याला एकच गोष्ट विचारा: "गेल्या वर्षात या भागात तुम्ही कोणत्या इमारतींतले फ्लॅट विकून दिलेत, कोणत्या महिन्यात, आणि कितीला?" इंडेक्स टूवर एजंटचं नाव नसतं, पण इमारत आणि महिना कळला की त्याने सांगितलेली किंमत ई-सर्चवर पडताळता येते. सांगितलेला आकडा आणि नोंदलेला मोबदला यांत मोठी तफावत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विसंबू नका.

दुसरी खूण म्हणजे पहिल्या भेटीत तो काय विचारतो. जाणता एजंट हॉलचा व्ह्यू बघण्याआधी कागदांची चौकशी करतो. शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे? भोगवटा प्रमाणपत्र आहे का? कर्ज चालू आहे का, मूळ कागद बँकेत आहेत का? वडिलांच्या पश्चात फ्लॅट नॉमिनीच्या नावावर केला असेल, तर बाकी वारसांचं काय? (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांची सही राहिली तर व्यवहार तिथेच अडतो.) हे प्रश्न आधी विचारले गेले नाहीत, तर विसार घेतल्यानंतर खरेदीदाराची बँक ते विचारते, कर्ज अडकतं आणि तीन महिने वाया जातात.

महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा. एजंटचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. नोंदणी पाच वर्षांची असते, त्यामुळे महारेराच्या संकेतस्थळावर मुदत संपली नाही ना, हे पाहा. २०२३ च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली आहे. रेरापूर्वी पूर्ण झालेल्या इमारतींच्या पुनर्विक्रीला नोंदणीची अट थेट लागू होत नसली, तरी नोंदणीकृत माणूसच निवडावा, असं आमचं ठाम मत आहे. त्याच्याविरुद्ध दाद मागायला निदान एक जागा असते.

दलाली साधारण एक ते दोन टक्के, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. खरेदीदाराकडूनही घेणार का, हे स्पष्ट विचारा. ८० लाखांवर एक टक्का म्हणजे ८० हजार, जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्क्यांनी १४,४०० रुपये. नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावता येत नाही. एक गणित मात्र लक्षात असू द्या: किंमत दोन लाखांनी खाली आली तर तुमचे दोन लाख जातात, त्याचे फक्त दोन हजार. त्यामुळे "देऊन टाका" हा सल्ला त्याला स्वस्त पडतो. घासाघीस करताना तुमचा शेवटचा आकडा एजंटला आधीच सांगू नका.

"तुम्हाला हातात ७५ मिळतील, वरचे माझे" अशी बोली कधीच मान्य करू नका. मग खरी किंमत तुमच्यापासून लपवली जाते आणि वरची रक्कम रोखीत फिरवायचा प्रयत्न होतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढाच दंड विक्रेत्याला बसू शकतो. विसाराची रक्कम चेकने किंवा ऑनलाइन, थेट तुमच्याच खात्यात यायला हवी, एजंटच्या खात्यात नाही.

किती एजंट ठेवावेत? पाच जणांनी पाच वेगवेगळ्या किमतींनी जाहिरात टाकली, तर खरेदीदार सर्वांत खालचा आकडा धरूनच बोलतो. दोघे-तिघे पुरेत, आणि सगळ्यांना किंमत एकच. एकालाच काम द्यायचं असेल तर मुदत ६० ते ९० दिवसांपेक्षा जास्त नको, आणि या गोष्टी लेखी हव्यात: दलालीचा टक्का, ती कधी द्यायची, जाहिरातीचा खर्च कोणाचा, आणि मुदत संपल्यावर त्याने आणलेल्या ज्या ग्राहकांवर त्याचा हक्क राहील त्यांची नावानिशी यादी. ही यादी नसेल तर पुढे तुम्ही स्वतः शोधलेल्या माणसावरही तो दावा सांगतो. दलालीचा अर्धा भाग साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी झाल्यावर आणि उरलेला पूर्ण पैसे हातात आल्यावर द्या. सगळी दलाली आधीच दिली की बँकेच्या, सोसायटीच्या धावपळीत एजंटचा फोन लागत नाही.

सोसायटीचं काम कोण करणार, हेही आधी ठरवा. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य, म्हणजे सोसायटीचं ट्रान्स्फर प्रीमियम, जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेता येतं. त्याहून जास्त ‘डोनेशन’ मागितलं, तर एजंटने "सगळीकडे देतात" म्हणून तुमच्या माथी मारू नये.

मूळ कागद कोणालाही देऊ नका. झेरॉक्सवर आडवं ‘फक्त विक्रीच्या पाहणीसाठी’ असं लिहून तारीख टाका. कुलमुखत्यारपत्र एजंटच्या नावे करू नका, तुम्ही परदेशात असलात तरी. ते जवळच्या नातेवाइकाच्या नावे करा. रिकाम्या फ्लॅटची किल्ली दिली असेल तर कोणत्या दिवशी कोणाला घर दाखवलं, याची नोंद मागा आणि दर महिन्याला विजेच्या मीटरचं रीडिंग बघा. कोणी आत राहायला लागलं असेल तर ते युनिटवरून लगेच कळतं.

व्यवहार झाला की किल्ली परत घ्या, जाहिराती उतरवायला सांगा आणि दलाली चेकने देऊन पावती जपून ठेवा. भांडवली नफ्याचा कर काढताना ही रक्कम विक्रीखर्च म्हणून वजा होते.