लिंक रॉड बदलताय? दोन्ही चाकं एकदम उचला

खड्ड्यातून हळू जाताना पुढून 'खट-खट' येत असेल, तर आधी लिंक रॉड बघा, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा आडवा दांडा) चाकाच्या सस्पेन्शनशी जोडणारा छोटा रॉड. स्टिअरिंग पूर्ण वळवा, इंजिन बंद करा आणि चाकामागचा रॉड मुठीत धरून जोरात हलवा. टोकाचा बॉल जॉइंट खुळखुळत असेल तर तो गेलाच.

काम घरी जमण्यासारखं आहे, पण पुढची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि नवा रॉड भोकात बसता बसत नाही. मागच्या चाकांना गुटके लावा, गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कृपा करून शिरू नका.

खरा वेळ जातो नटात. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नट फिरवताना आतला बोल्टही सोबत फिरतो. तो धरायला टोकाला बहुधा एलन कीची (षटकोनी किल्लीची) खाच असते, पण ती चिखलाने बुजलेली असते. बारीक खिळ्याने खरवडून की पार तळापर्यंत बसवा. घाई केलीत तर खाच गोल होते, मग ग्राइंडरशिवाय गत्यंतर नाही.

रॉड जोडीनेच बदला, नटही नवे घ्या. स्ट्रटच्या (शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंगची जोडणी) स्प्रिंगला मात्र घरी हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेततं.

सोबत लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) रबर बुश बदललेत, तर बहुतेक गाड्यांत त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. लोंबत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.