मॉन्स्टर हंटर वर्ल्ड : कथेची मोहीम मित्रांसोबत कशी खेळायची

चौघं हेडफोन लावून बसलोय आणि गेम म्हणतो, आधी सगळ्यांनी कटसीन (कथा सांगणारं, नुसतं बघायचं दृश्य) बघा! राक्षसांच्या शिकारीच्या २०१८ च्या या गेममध्ये कथेतल्या असाइनमेंटना (कथा पुढे नेणाऱ्या शिकारींना) असं अडायला होतं. आम्ही अर्धी रात्र घालवल्यावर जमलेली पद्धत ही :

१. सगळे एकाच ऑनलाइन सेशनमध्ये (खेळाडू जमतात त्या गटात) या. सेशनमध्ये १६ जण मावतात, शिकारीला मात्र चारच.

२. आता प्रत्येकाने तीच असाइनमेंट एकट्याने सुरू करायची. राक्षसाची वाट दाखवणाऱ्या हिरव्या काजव्यांच्या मागे पळत राहा, वाटेत औषधी वनस्पती तोडत बसू नका (आमच्यात एक जण हमखास बसतोच). राक्षस दिसून कटसीन संपला की थांबा. मारायला सुरुवात करू नका.

३. ज्याचा कटसीन सगळ्यात शेवटी संपेल तो आतच राहील. बाकीच्यांनी मेन्यूतून क्वेस्ट (आपली चालू शिकार) सोडून परत यायचं आणि क्वेस्ट बोर्डवरून (शिकारींच्या यादीच्या फळ्यावरून) त्याच्या शिकारीत सामील व्हायचं. तो तोवर राक्षसापासून लांब, झुडपात लपून.

एसओएस फ्लेअर (इतर खेळाडूंना मदतीला बोलावणारा इशारा) उगाच उडवू नका, अनोळखी माणूस येऊन मित्राची जागा अडवतो. आणि बेशुद्ध पडायची मुभा सहसा दोनदाच, तीही सगळ्यांची मिळून; तिसऱ्यांदा क्वेस्ट फसते. आमच्या एका पठ्ठ्याने ती एकट्यानेच संपवली होती.

गेम विकत घ्यायच्या आधी कोण कशावर खेळतो ते विचारून घ्या : पीसीवाला आणि प्लेस्टेशनवाला यात एकत्र खेळू शकत नाहीत.