शैलचित्रे, जीवाश्म आणि तंबूतला मुक्काम : या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की इंदूरच्या मराठी घरांतून भीमबेटका, भानपुऱ्याजवळचा चतुर्भुज नाला आणि धारच्या पुढचे बाग या तीन दिशांना मुक्कामी सहलींचे बेत सुरू होतात. उत्साह चांगलाच असतो. मात्र दरवर्षी त्याच त्या चुका नव्या मंडळींच्या हातून होताना पाहून आता खरोखर कंटाळा आला आहे.

सर्वांत संताप आणणारी चूक म्हणजे चित्र उठून दिसावे म्हणून त्यावर पाणी मारणे. चतुर्भुज नाल्याच्या काठाने कातळावर ओळीने चित्रे आहेत. तेथे एका गृहस्थांनी बाटलीच्या झाकणाला भोके पाडून चक्क फवारा केला होता आणि ते मुलांना मोठ्या कौतुकाने सांगत होते, ‘‘बघा, बैल कसा उजळला!’’ बैल उजळला हे खरे, पण घटकाभरासाठी. वाळूच्या दगडात मुरलेले पाणी परत वाळताना दगडातले क्षार पृष्ठभागावर आणून सोडते, त्यांची पांढुरकी साय गेरूच्या रंगावर चढते आणि काही हंगामांनंतर तेच चित्र नुसत्या डोळ्यांना दिसेनासे होते. मी त्यांना अडवले तेव्हा ‘‘साधे पाणी तर आहे, ॲसिड थोडेच आहे’’ असे उत्तर मिळाले. पावसाचा थेंबही पोहोचू नये अशा आडोशाखाली जे टिकले, त्याला साधे पाणीच पुरेसे जड जाते, हे त्यांना पटल्याचे दिसले नाही.

माझी स्वतःची सवय अशी, की आडोशाखाली गेल्यावर प्रथम कॅमेरा पिशवीतच राहू द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटे नुसते बसायचे. डोळे सावलीला सरावले की आधी न दिसलेली शिंगे, धनुष्ये, नाचणाऱ्यांच्या रांगा आपोआप वर येतात. छायाचित्र फ्लॅशशिवाय घ्यावे आणि घरी येऊन संगणकावर ‘डी-स्ट्रेच’ या साधनाने रंग ताणून पाहावेत. फिकट लाल रेघ त्यात जितकी स्पष्ट होते, तितकी कोणत्याही पाण्याने होत नाही. एवढा धीर ज्यांना नाही, त्यांनी सरळ पोस्टकार्ड विकत घ्यावे. पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांना 1957 मध्ये आगगाडीतून भीमबेटक्याचे कातळ दिसले आणि त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षे त्या चित्रांच्या नकला केल्या. आपल्याला निदान एक सकाळ तरी देता यायला हरकत नसावी.

दुसरी चूक धुराची. थंडी असते, वारा असतो, आणि कातळाची कपार आयती चुलीच्या जागेसारखी भासते. छतावर काजळी धरते ती धरतेच, शिवाय त्याच कातळांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. एकदा आमच्या शेजारी उतरलेल्या तरुण मंडळींनी अशाच एका कपारीखाली तीन दगड मांडून खिचडी चढवली. वर पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. धूर वर गेला आणि पाचएक मिनिटांत माश्यांचा लोट खाली आला; पातेले, बूट, चादरी टाकून सगळे नाल्याच्या दिशेने पळाले आणि एकाचा चेहरा इतका सुजला की त्याला रातोरात तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. चूल पेटवायची तर परवानगीच्या जागी, कड्यापासून दूर, उघड्यावर पेटवावी. मी तर हल्ली दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासमधला चहा यांवरच भागवतो.

या माश्यांच्या पोळ्यांनी विद्वानांनाही चकवले आहे. भीमबेटक्याच्या सभागृह-गुहेच्या छतावर 55 कोटी वर्षांपूर्वीच्या ‘डिकिन्सोनिया’ या जीवाचा ठसा सापडल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले. पुढे फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तेव्हा तो ठसा दगडावरून सुटू लागलेला होता आणि ते जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. मूळ संशोधकांनी चूक मान्य केली. तेव्हा बागच्या माळावर प्रत्येक गोल दगडाला डायनासोरचे अंडे म्हणून मिठी मारणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

खरी अंडी तेथे आहेतच. धार जिल्ह्यातील 92 घरटी आणि 256 अंडी यांची नोंद 2023 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच परिसरातील काही गावकरी असे गोळे शेताचा रक्षक भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत होते. त्यांच्या नारळाने दगडाचे काही बिघडले नाही. शहरी पाहुण्याच्या हातोडीने मात्र बिघडते. जीवाश्माचे मोल तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडला यावर असते. बागच्या चुनखडीतला शिंपला किंवा समुद्री साळिंदर (काटेरी कवचाचा समुद्री जीव) कपाटात ठेवला की नर्मदेच्या खोऱ्यात कधी काळी समुद्र शिरला होता, हे सांगणारा पुरावा तेथून उचलला जातो. तेथील डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काही उचलणे हा गुन्हाही आहे. मी शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घेतो, मोबाईलवर ठिकाण टिपून ठेवतो आणि वन कार्यालयात कळवतो.

बागच्या बौद्ध लेण्यांतील भित्तिचित्रे आणि आदिमानवाची शैलचित्रे एकच समजू नयेत. कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू ठोकू नये. माणशी चार लिटरांपेक्षा कमी पाणी घेऊन दिवसभराची पायपीट करू नये, आणि नवे बूट घालून तर मुळीच नाही. चतुर्भुज नाला ज्यात येतो त्या गांधीसागर अभयारण्यात एप्रिल 2025 पासून चित्ते आहेत, त्यामुळे ‘पूर्वी आम्ही तिथेच झोपायचो’ हा युक्तिवाद वनरक्षकापुढे चालत नाही. कोणती वाट खुली आहे आणि मुक्काम कोठे करता येईल, हे इंदूर सोडण्यापूर्वीच वन विभागाला विचारून घ्यावे.